नॅरोबँड की वाइडबँड?

घरच्या घरी फ्युएल मॅप (इंजिनाच्या कोणत्या वेगाला आणि लोडला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) जुळवायला शिकायचं, तर गाडीतला मूळचा नॅरोबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) पुरेल का? आयडलला पुरतो. पण तो खरं सांगतो ते पेट्रोलच्या 14.7 च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) आसपासच; पुढे फक्त पेट्रोल ‘जास्त’ किंवा ‘कमी’. कुंभार्ली घाटात इंजिनावर लोड आला की मला 12.8 हवं असतं, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

वाइडबँड सेन्सर या प्रमाणाचा थेट आकडा देतो. परवा चिपळूणहून चढताना 13.8 दिसलं, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. मॅपच्या त्या सेलमध्ये (चौकटीत) 60 होते, गुणिले 13.8, भागिले 12.8, म्हणून 64.7 भरले. दुसऱ्या फेरीत आकडा जागेवर! महाग आहे, तरी कमी पेट्रोलने पिस्टन जळण्यापेक्षा परवडतो. आकडे बदलायचा लॅपटॉप मात्र शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवरच हवा.

खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, ते दोन्हींचे सारखेच.