टेल्स की व्होनिक्स?

ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठीच्या या दोन ऑपरेटिंग सिस्टिम. दोन्ही फुकट, दोन्ही डेबियन लिनक्सवर उभ्या, दोन्ही इंटरनेटची सगळी रहदारी टॉरमधून, म्हणजे आपला पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कमधून नेतात. फरक मांडणीत आहे.

टेल्स किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. ती रॅममध्ये चालते. हार्ड डिस्कला हात लावत नाही आणि बंद केली की काही मागे उरत नाही. फाइल्स ठेवायच्या असतील तर पेनड्राइव्हवरच एन्क्रिप्टेड कप्पा करता येतो. घरातला लॅपटॉप सगळे वापरत असतील तर मी हीच सुचवेन.

व्होनिक्स व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन आभासी मशीन (संगणकाच्या आत चालणारे संगणक) चालवते. ‘गेटवे’ टॉरशी बोलतो. आपण काम करतो त्या ‘वर्कस्टेशन’ला बाहेर पडायचा दुसरा रस्ताच नाही. त्यामुळे वर्कस्टेशनमध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) शिरलं तरी त्याला आपला खरा आयपी पत्ता सापडणं फार अवघड. ही रचना मला मनापासून आवडते, शिकण्यासारखंही इथेच जास्त आहे. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, बिनधास्त मोडतोड करा, परत मागे या. मात्र मूळ संगणकाच्या विंडोजमध्येच कीलॉगर (टाइप केलेलं सगळं चोरून नोंदवणारा प्रोग्राम) असेल तर व्होनिक्स काही करू शकत नाही. रॅमही सढळ हवी.

टेल्स आभासी मशीनमध्येही चालते, पण मग मूळ संगणकावर खुणा राहू शकतात. चाखून बघण्यापुरतं ठीक.