मायकलअँजेलोची 'पेन्सिल स्टडी' म्हणून ६,८०० रुपये घेतले, प्लीज वाचा
मी सांगलीत चित्रकलेचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं आणि चार जणं बीएफएच्या सीईटीची तयारी करणारी. फिगर ड्रॉइंग शिकवताना भिंतीवर एक चांगली प्रिंट असावी असं खूप वर्षांपासून मनात होतं आणि तीही लिबियन सिबिलचीच (मायकलअँजेलोने काढलेलं पाठमोऱ्या भविष्यवेत्तीचं अभ्यासचित्र), कारण आमच्या सरांनी आम्हाला त्याच चित्राचा मासिकातला फोटो दाखवून पाठीचे स्नायू शिकवले होते.

गणपतीच्या आधी मोबाईलवर त्याच चित्राची जाहिरात दिसली. 'मायकलअँजेलो, ओरिजिनल पेन्सिल स्टडी, मूळ आकारात १८ बाय २४ इंच, ३१० जीएसएम कॉटन रॅग, ब्राइटनर नसलेला कागद, फक्त १०० कॉपी, नंबर आणि सर्टिफिकेटसकट.' मी मेसेज केला तर लगेच फोनच आला, 'मॅडम शेवटचे तीन पीस राहिलेत, आज केलंत तर शिपिंग फ्री'. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाले, फ्रेमिंगचं नाजूक काम आहे म्हणून. यूपीआय एका माणसाच्या नावावर होतं, दुकानाच्या नाही. मला ते खटकलं होतं, खरंच खटकलं होतं, तरी पाठवले ६,८००.

बारा दिवसांनी ट्यूब आली. उघडली आणि पहिल्यांदा दिसलं ते म्हणजे सगळं करडं. ते चित्र लाल खडूतलं आहे हो! तो गेरूसारखा तांबूस रंग, त्यानेच पाठीवरचं मांस जिवंत वाटतं. यांनी कुठूनतरी फोटो घेतला, रंग काढून टाकला आणि पेन्सिल म्हणून विकला. आज आपण वापरतो ती ग्रॅफाइट आणि माती मिसळलेली पेन्सिल फ्रान्समध्ये कोंतेने १७९५ मध्ये पेटंट केली, आणि हे ड्रॉइंग १५१०-११ च्या आसपासचं, सिस्टिन चॅपेलच्या छतासाठी केलेलं. हे मी मुलांना शिकवते, आणि जाहिरात वाचताना नेमकं हेच डोक्यात आलं नाही. साइजचंही तेच. मूळ कागद २८.९ बाय २१.४ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम ए-फोर एवढा, १९२४ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १८ बाय २४ इंच मूळ आकार कुठून आला?

सगळ्यात वाईट वाटलं ते पायाच्या अंगठ्याचं. ज्यांनी चित्र पाहिलंय त्यांना माहीत असेल, खाली त्याने डाव्या पायाचा अंगठा पुन्हा पुन्हा काढलाय, सगळं वजन तिथे कसं दाबलं जातं ते शोधत. मुलांना तेवढंच दाखवायला मला ती प्रिंट हवी होती. इथे लहान फाइल ताणून मोठी केलेली, अंगठ्याच्या जागी नुसते धुरकट चौकोन, एक रेघ सुटी दिसत नाही.

मग भावाच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा लाईट आहे त्याखाली कागद धरला तर ट्यूबलाईटसारखा निळा चमकला, म्हणजे भरपूर ब्राइटनर, कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन. शेजारच्या सराफांकडून भिंग आणलं. इंकजेटचे ठिपके दिसणं यात फसवणूक नाही, चांगली जिक्ले प्रिंट, म्हणजे चित्रांची दर्जेदार प्रत, तीसुद्धा इंकजेटच असते. पण कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिल्यासारखा '१२/१००' होता त्यातही गुलाबी-निळे ठिपके! खोडरबर घासून बघितलं, काहीच फरक नाही. नंबर हाताने लिहिलेलाच नव्हता, छापलेला. नंतर कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने तिची काढून पाहिली, तिचाही १२/१००.

फोन केला तर 'कस्टम प्रिंट आहे, रिटर्न नाही', दुसऱ्यांदा केला तर ब्लॉक. बँक म्हणाली तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० ला तक्रार नोंदवलीये, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण, दोन्हीकडचे नंबर मिळालेत, पैसे अजून नाहीत. मी उशीर केला, असं काही झालं तर १९३० ला त्याच दिवशी फोन करा, समोरच्याने पैसे काढायच्या आत ते अडवता येण्याची शक्यता असते. आणि चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, माझ्याकडची जाहिरात दोन दिवसांत गायब झाली.

पैसे देण्याआधी एवढं तरी करा की चित्र ज्या म्युझियममध्ये आहे त्यांच्या साइटवर जाऊन माध्यम आणि माप बघा, पाच मिनिटं लागतात. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स फुकट दिल्यात, त्यात हे चित्रही आहे. मी तीच फाइल उतरवून इथल्या फोटो लॅबमधून मॅट कागदावर खऱ्या आकारात काढून घेतली, साडेतीनशे रुपये. लाल रंग बऱ्यापैकी आलाय आणि अंगठ्याखालच्या रेघा मोजता येतात.

परवा तीच जाहिरात नव्या नावाने दिसली, फोटो तोच करडा. आता 'फक्त ५० कॉपी' लिहिलंय, आणि अजून पेन्सिलच.