सोयाबीनचे रायझोबियम संवर्धक: भुकटी चांगली, माहितीपत्रक अपुरे

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी घेतलेल्या या जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर ‘नत्रयुक्त खत’ असे ठळक छापलेले आहे आणि माझा पहिला आक्षेप त्यालाच आहे. कारण आत नत्र जवळपास नसतेच, असतात ते हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे जिवंत रायझोबियम जिवाणू. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडणे कोणत्याही वनस्पतीला जमत नाही. खत कारखान्यात त्यासाठी ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हे जिवाणू तेच काम मातीच्या तापमानात, नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) बळावर करतात आणि मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात.

तुलनेसाठी काही ओळी बीजप्रक्रिया न करता पेरल्या होत्या. फुलोऱ्याच्या सुमारास दोन्हीकडची रोपे उपटण्याऐवजी खणून काढली, तेव्हा प्रक्रिया केलेल्या रोपांच्या सोटमुळावर हे जिवाणू राहतात त्या टपोऱ्या गाठींचे झुबके दिसले आणि नखाने फोडलेली गाठ आतून लालसर गुलाबी निघाली. उरलेल्या ओळींत गाठी तुरळक, बारीक आणि बहुतेक पांढरट होत्या. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा असतो. ते प्राणवायूला आवर घालते, एरवी नायट्रोजिनेज निकामी होते. त्यामुळे गाठी मोजत बसण्यापेक्षा दोन-चार फोडून पाहणे अधिक उपयोगाचे.

बियाणे सावलीत सुकवण्याची सूचना माहितीपत्रकात आहे, तेवढे ठीक. मात्र मातीत नायट्रेट, म्हणजे मुळांना थेट घेता येणारे नत्र, मुबलक असेल तर पीक गाठी धरण्याचे टाळते, हे कुठेही लिहिलेले नाही. जिवाणूची प्रजातीही दिलेली नाही, आणि ही उणीव मोठी आहे, कारण हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही.

‘जमीन सुपीक होते’ हा दावा तर निम्माच खरा. स्थिर झालेले बरेचसे नत्र दाण्यांबरोबर शेताबाहेर जाते. मागे राहिलेली मुळे आणि पालापाचोळा कुजला की अमोनिया तयार होतो, मातीतले नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि शेतात पाणी तुंबले तर विनत्रीकरण करणारे जिवाणू त्यातले नत्र वायुरूपात पुन्हा हवेत सोडतात.

सोयाबीन प्रथमच घेतले जाणार असेल, तर हे संवर्धक जरूर वापरावे. वर्षानुवर्षे तेच पीक असलेल्या जमिनीत हे जिवाणू सहसा आधीच असतात, तेथे फारसा फरक दिसेलच असे नाही.