बॅटरीसाठी टर्बो बंद केला आणि परत चालू केला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रावेर तालुक्यात केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोबाचं काम करतो. कापणी असली की सकाळी सातलाच मळ्यात. घडांचं वजन, गाडीभाडं, शेतकऱ्याची पट्टी, सगळं तिथेच लॅपटॉपवर. शेतातली थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे चार्जरचा भरवसा नाही. म्हणून ऑक्टोबरात आय५-१२३५यू प्रोसेसरचा, ४२ वॅट-अवर बॅटरीचा लॅपटॉप घेतला. खोक्यावर नऊ तास छापलेले. मला मिळाले जेमतेम तीन, म्हणजे सरासरी १४ वॅट खर्च, स्क्रीन आणि वायफाय धरून.

या चिपची बेस पॉवर, म्हणजे नेहमीचा वीजखर्च, १५ वॅट आहे, पण टर्बोत, म्हणजे काम वाढलं की चिप थोडा वेळ वेग वाढवते तेव्हा, तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे सगळा दोष टर्बोचा, असं मी धरून चाललो. सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो, हा उपाय खूप जण सांगतात. केला. वेग १.३ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला. पट्टीची मोठी एक्सेल शीट उघडेपर्यंत गाडीवाला ताटकळत उभा राही. एवढं सोसून बॅटरी वाढली अर्धा तास! काम रेंगाळलं की तेवढा वेळ स्क्रीनही जळत राहते, हे तेव्हा लक्षात आलं.

वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. हे खरंच आहे. पण दोन सेकंद जोर लावून चिप लगेच झोपली तर बिघडत नाही. माझी चिप झोपतच नव्हती. टास्क मॅनेजर पाहिला तर ब्राउझरचे वीसेक टॅब, फोटो सतत वर चढवणारं एक अ‍ॅप आणि लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, तिघं मिळून तिला जागं ठेवत होते. ते बंद केले, टर्बो परत चालू केला आणि बॅटरीवर असताना वीज वाचवणारा मोड ठेवला. बांधावर उन्हात बसायचो तो शेडमध्ये बसू लागलो, ब्राइटनेस निम्म्यावर आला. आता साडेपाच तास मिळतात. सरासरी आठ वॅटच्या आत.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि लिथियम बॅटरीला पूर्ण चार्ज अधिक उष्णता ही जोडी सर्वांत वाईट. ऑफिसात दिवसभर चार्जर लावूनच काम असतं, तिथे चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवली आहे. कापणीच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरतो. गाडीच्या डॅशबोर्डवर लॅपटॉप ठेवणं एका दुपारच्या अनुभवानंतर कायमचं सोडलं, हात लावता येत नव्हता.

परवा बॅटरी रिपोर्ट काढला. पूर्ण भरल्यावरची क्षमता ४२ पैकी ३९.६ वॅट-अवर शिल्लक आहे.