बिनवासाचा घरगुती साबण: काही महिने वापरल्यानंतर

हातांसाठी हो, अंगासाठी बहुतेक हो, चेहऱ्यासाठी नाही. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आधी माझ्या त्वचेबद्दल सांगते, कारण ते माहीत नसेल तर पुढच्या लिहिण्याचा उपयोग नाही. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित द्रव्यं त्वचेवर चिकटवून करतात त्या चाचणीत, माझ्या पाठीवर दोन ठिकाणी लाल चट्टे उठले. एक सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर, दुसरा मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हवर. हे दुसरं नाव जिभेला जड असलं तरी पाठ करून ठेवा. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साठी 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' म्हणून त्याचीच निवड केली होती. हँडवॉश, शाम्पू, भांडी घासायचं लिक्विड अशा पातळ वस्तूंमध्ये ते सापडतं, कारण पाणी आलं की जंतू आले आणि जंतू आले की प्रिझर्व्हेटिव्ह आलं. साबणाच्या वडीत पाणी थोडं आणि ती स्वतःच अल्कधर्मी, त्यामुळे तिला सहसा त्याची गरज पडत नाही. घरी साबण करण्यामागे माझं कारण एवढंच: आत काय आहे ते मला ठाऊक असावं आणि ती यादी छोटी असावी.

सध्या ठरलेलं प्रमाण असं: १००० ग्रॅम तेलात ७०० ग्रॅम ऑलिव्ह, २०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम एरंडेल. त्याला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २७० ग्रॅम पाणी. यात सुमारे ६ टक्के तेल साबण न होता तसंच मागे राहतं, त्याला सुपरफॅट म्हणतात. तेलं बदललीत तर सोड्याचा हिशेब नव्याने करायचा. खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा बराच जास्त सोडा लागतो, तेव्हा अंदाजपंचे काम इथे नको. खोबरेल वाढवलं की फेस मस्त येतो, पण त्यातल्या लॉरिक आम्लाचा साबण त्वचेवरचं तेलही ओरबाडून नेतो. माझ्या हातांना २० टक्क्यांच्या पुढे सोसत नाही.

'केमिकल-फ्री साबण' असं लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होतच नाही. फरक इतकाच, की हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत सोडा उरत नाही, त्याचा तेलाशी संयोग होऊन साबण आणि ग्लिसरीन बनतं. करताना मात्र तो पुरेपूर घातक असतो. गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी आणि स्टीलचं भांडं हवंच. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. मुलं घरात जागी असताना हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचे हात आधीच फाटलेले आहेत, त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावा.

त्यानंतर वाट बघणं. वड्या कापून, हवा खेळेल अशा जागी चार ते सहा आठवडे मुरू द्यायच्या. माझ्यासारख्या ऑलिव्ह जास्त असलेल्या साबणाला त्याहून जास्त वेळ दिला तर तो कडक होतो आणि फेसही सुधारतो. ताजी वडी शेंबडासारखी बुळबुळीत लागते. जुनीही थोडी लागतेच, त्याची सवय करून घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष अनुभव. सर्वात मोठा फरक हातांना. बोटांच्या बेचक्यांतली खाज आणि पेरांवरच्या भेगा पहिल्या काही आठवड्यांत कमी झाल्या आणि नंतर बंदच झाल्या. पण याचं श्रेय मी साबणाला पूर्ण देणार नाही. त्याच काळात भांड्यांचं लिक्विड बदललं होतं आणि हात धुतल्यावर लगेच साधं पेट्रोलियम जेली लावायची सवय लागली होती. माझ्या मते आत काय घातलं यापेक्षा काय वगळलं, त्याचा गुण जास्त.

चेहऱ्यावर मात्र ताण येतो, गालांवर कोंडा सुटतो. त्याला कारण आहे. खऱ्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० असतो आणि त्वचेचा साधारण ५. सुपरफॅट वाढवून पीएच ५.५ वर येत नाही, आणि तसा दावा करणारी वडी एकतर साबण नव्हे किंवा दावा खोटा. चेहऱ्याला मी सिंडेट बार वापरते, म्हणजे सोडियम कोकोइल आयसेथिओनेटसारख्या द्रव्याची बिनवासाची वडी. ती कारखान्यातली आहे, नाव रसायनासारखं आहे, आणि माझ्या गालांना घरच्या साबणापेक्षा सौम्य लागते. एक्झिमा जोरात असेल तेव्हा तर अंगालाही तीच. केसांना घरचा साबण लावूच नये, विशेषतः पाणी क्षारांचं असेल तर. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची चिकट साय बनते, ती केसांतून निघता निघत नाही. त्वचेवरही राहते, म्हणून अंग नीट खळबळून धुवावं लागतं.

लोक सर्वात जास्त फसतात ते वासाच्या बाबतीत. "यात कृत्रिम सुगंध नाही, फक्त लव्हेंडरचं शुद्ध तेल आहे," असं म्हणून मला एक सुंदर वडी भेट मिळाली होती. दोनतीनदा हात धुतले आणि जुने चट्टे परत आले. लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन, लवंगेतलं युजेनॉल ही सगळी झाडांतूनच येतात आणि सगळी अ‍ॅलर्जी देऊ शकतात. त्यातली लिनालूल आणि लिमोनिन हवेत राहून ऑक्सिडाइझ झाली की जास्तच त्रासदायक होतात. युरोपात अशी द्रव्यं धुवून टाकायच्या वस्तूंत ०.०१ टक्क्याच्या वर असली तर लेबलवर नावानिशी लिहावी लागतात, मग ती बाटलीतल्या अत्तरातून आलेली असोत वा फुलातून. 'अनसेंटेड' शब्दावरही विसंबू नका, मूळ वास झाकायला घातलेला सुगंध त्यात असू शकतो. घटकांची यादीच वाचायची. ओट्स, दूध, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), फुलांच्या पाकळ्या हे सगळं मी मुद्दाम टाळते, कारण प्रत्येक जिन्नस म्हणजे आणखी एक संशयित.

नवा घाणा झाला की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा त्याच साबणाने धुऊन बघते, एकदोन आठवडे. साबण लावून वर पट्टी बांधू नका, तसं केलं तर चांगल्या त्वचेलाही आग होईल आणि निष्कर्ष चुकीचा निघेल.

टिकण्याच्या बाबतीत गुण कमी देईन. ग्लिसरीन आतच राहत असल्यामुळे वडी ओल धरते, जाळीच्या साबणदाणीत ठेवली नाही तर लगदा होतो. जुन्या तेलाच्या वड्यांवर नारिंगी ठिपके येतात आणि खवट वास सुटतो. अशा वड्या मी अंगाला लावत नाही, फडकी धुवायला काढते. म्हणून आता घाणा छोटा करते, आणि कुणाला वडी दिली तर सोबत सगळे घटक आणि केल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून देते.