साइटवर एक आयपी, घरी दुसरा: लॅपटॉपने आपोआप बदलावं यासाठी काय निवडाल?

मशीनवर काम करणाऱ्यांचं हे रोजचंच आहे. पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरला, केबल लावायची, लॅपटॉपला १९२.१६८.०.५० असा फिक्स आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, काम उरकायचं. घरी राउटरची केबल लावली की नेट बंद, कारण सकाळचा आयपी तसाच राहिलेला. एका कमिशनिंगच्या (नवं मशीन चालू करून देण्याच्या) वेळी रात्री साडेअकराला सुधारलेला प्रोग्राम पाठवायचा होता आणि मी पाऊण तास राउटर बंद-चालू करत होतो. त्यानंतर सगळे पर्याय नीट लावून पाहिले.

आधी एवढंच बघा: जागा बदलली की तुमची केबल बदलते की वाय-फाय? निवड त्यावर ठरते.

केबल असेल आणि लॅपटॉप विंडोजचा असेल, तर वेगळं सॉफ्टवेअर घेऊच नका. इथरनेट कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा आणि आयपी आपोआप मिळवण्यावर ठेवा. तसं ठेवल्यावरच शेजारी ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’ हा टॅब दिसतो. फिक्स आयपी तिथे भरा. घरी राउटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीने, पत्ता देतो, तो लागतो. थेट पीएलसीला जोडल्यावर पत्ता देणारं कुणीच नसतं, तेव्हा विंडोज थोडी वाट पाहून तुम्ही भरलेला आयपी घेतं. हा टॅब भरलेला नसेल, तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि पीएलसी पिंगच होत नाही, म्हणजे लॅपटॉपला उत्तरच देत नाही. गेटवेची (नेटकडे जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची) जागा मुद्दाम रिकामी सोडा, म्हणजे केबल पीएलसीला असतानाही मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नेट चालतं. मला ही सोय सगळ्यांत भरवशाची वाटते. मर्यादा आहेतच: केबल लावून जरा थांबावं लागतं, पर्यायी आयपी एकच ठेवता येतो, आणि कारखान्याच्या स्विचवर डीएचसीपी चालू असेल तर तो लागतच नाही.

वाय-फायचं काम सोपं आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’मध्ये जाऊन प्रत्येक वाय-फायला वेगळा आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) देता येतो. नेटवर्कचं नाव हीच ओळख. हेच आकडे जुन्या कंट्रोल पॅनेलमधून कार्डावर भरलेत तर ते सगळ्या वाय-फायना लागतात. बहुतेकांची चूक तिथेच होते. प्रॉक्सी, म्हणजे कंपनीचं नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं त्याची सेटिंग, मात्र नेटवर्कनुसार बदलत नाही, ती अख्ख्या लॅपटॉपला एकच.

म्हणून तीन-चार साइट, प्रत्येकीची वेगळी आयपी रेंज, वर प्रॉक्सी आणि प्रिंटरही बदलणारे, अशी गत असेल तरच नेटसेटमॅनसारखं प्रोफाइल बदलणारं सॉफ्टवेअर घ्या. ते खासगी वापराला फुकट आहे. कंपनीच्या कामासाठी प्रो आवृत्ती विकत घ्यावी लागते.

मॅकमध्ये ‘लोकेशन’ची सोय फार जुनी आणि चांगली आहे. आयपी, डीएनएस, प्रॉक्सी असा सगळा संच एका नावाखाली राहतो. पण ते नाव निवडायचं तुम्हीच. आपोआप हवं असेल तर स्क्रिप्ट लिहावी लागते. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर प्रत्येक वाय-फायचं प्रोफाइल वेगळं ठेवतो, आणि नेटवर्क जोडलं जाताच आपली स्क्रिप्ट चालवायची सोयही देतो. स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर इतकी मोकळीक दुसरीकडे नाही.

ऑफिसचा राउटर आपल्या हातात असेल तर आणखी एक मार्ग आहे: लॅपटॉप सगळीकडे ‘आपोआप’वर ठेवायचा आणि राउटरमध्येच त्याच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता; मॅक कॉम्प्युटरशी संबंध नाही) आयपी राखून ठेवायचा. फक्त विंडोजमध्ये त्या वाय-फायपुरता रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस बंद करा, आणि मॅकओएस १५ पासून पुढे असाल तर प्रायव्हेट अ‍ॅड्रेस ‘फिक्स्ड’वर ठेवा. नाहीतर हा हार्डवेअर पत्ता बदलला की राउटरला तुमचा लॅपटॉप नवाच वाटतो आणि राखून ठेवलेला आयपी मिळत नाही.