नवरा-बायकोने मिळून थेरपी घेतली: दिवाळी ते गणपती, सगळा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलेलं कपल काउन्सेलिंग गणपतीच्या आधी संपलं. मैत्रिणींपैकी ज्यांना कळलं त्यांचे प्रश्न ठरलेले: कोणाकडे गेलात, किती घेतात, फरक पडतो का? म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. आमच्या थेरपिस्ट मॅडमचं नाव देणार नाही. आमच्या घरातल्या गोष्टींना त्यांचं नाव चिकटलेलं त्यांना आवडणार नाही, आणि त्यांच्याकडे वेटिंग तसंही भरपूर आहे.

आधी शिक्षणाबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. चार वीकेंडचा कोर्स करून काउन्सेलर म्हणून पाटी लावणारे पुण्यात कमी नाहीत. आम्ही आधी अशाच एकांकडे गेलो होतो. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि शेवटी मला म्हणाले, ‘थोडं ॲडजस्ट करा, पुरुष असेच असतात.’ हे तर माझी आत्या फुकटात सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नसतं. त्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेने मान्य केलेला अभ्यासक्रम, सध्या काम करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत दोन वर्षांचा एम.फिल., पुरा करावा लागतो आणि कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवावं लागतं. १९९२च्या कायद्यापासूनची ही व्यवस्था आहे. नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा. आमच्या मॅडमनी तो पहिल्याच फॉर्मवर छापलेला होता.

त्यांचं सुरुवातीचं काम सरकारी मनोरुग्णालयात, मग काही वर्षं व्यसनमुक्तीत. तिथे पेशंटबरोबर आलेल्या बायकांशी बोलता बोलता त्या जोडप्यांच्या कामाकडे वळल्या आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. एकेकट्या माणसाशी उत्तम बोलणाऱ्यालाही समोर दोघं भांडायला लागली की सुचत नाही, असं त्यांचंच म्हणणं. गोळ्या त्या देत नाहीत, ते सायकियाट्रिस्टचं काम. नवऱ्याच्या झोपेचा प्रश्न होता तेव्हा ‘एकदा दाखवून या’ म्हणून त्यांनीच चिठ्ठी दिली.

पहिल्या भेटीनंतर आम्हाला वेगवेगळं बोलावलं. मला सरळ विचारलं: कधी हात उचललाय का, घरात भीती वाटते का, पैशांवर कोणाचा ताबा आहे? मी जरा चमकलेच. पण कारण पटलं. मारहाण असेल तर जोडप्याला एकत्र बसवत नाहीत, कारण इथे खरं बोललेल्याचा हिशोब घरी गेल्यावर चुकता होतो. अशा वेळी आधी त्या बाईची सुरक्षितता, थेरपीचं नंतर. दुसरा नियमही तेव्हाच सांगितला: एकट्याने सांगितलेलं, पण नात्यावर परिणाम करणारं गुपित मॅडम दुसऱ्या जोडीदारापासून कायमचं लपवून ठेवणार नाहीत.

त्यांची मुख्य पद्धत ईएफटी, म्हणजे इमोशनली फोकस्ड थेरपी. कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात ती बांधली. त्यामागे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींचा अटॅचमेंटचा, म्हणजे जवळच्या माणसाच्या ओढीचा, सिद्धान्त आहे: जवळचं माणूस हाताला लागत नाही असं वाटलं की काही जण आरडाओरडा करतात, काही जण मिटून घेतात. आमच्याकडे मी पहिल्या गटात, नवरा दुसऱ्या. मी विचारते, तो गप्प. मी आवाज चढवते, तो गॅलरीत. मॅडमनी हे फळ्यावर गोल काढून दाखवलं तेव्हा नवरा लगेच म्हणाला, ‘पण सुरुवात हीच करते.’ त्यांनी मार्कर त्याच्या हातात दिला. ‘काढा बाण, कुठून सुरू होतं ते.’ त्याने काढला. मग मार्कर माझ्याकडे आला, मीही काढला. दोघांचे बाण फळ्याच्या दोन टोकांना. मॅडमनी त्याचा फोटो काढायला सांगितला. तो अजून आमच्या दोघांच्या फोनमध्ये आहे.

खरं काम पुढे झालं. सासरे २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत सांगलीला वारले. नवरा पुण्यात अडकलेला, शेवटचं दर्शनही नाही. तेव्हापासून आमच्याकडे भांडणं व्हायची ती गॅस बंद केला का, सोसायटीचा मेंटेनन्स भरला का, यावरून. एका सेशनला मी म्हटलं, ‘आईंचा फोन आला की हा दार लावून घेतो.’ मॅडमनी माझं बोलणं तिथेच थांबवलं आणि त्याला विचारलं, ‘फोन वाजतो तेव्हा आधी शरीरात कुठे कळतं?’ मला वाटलं, हा काय प्रश्न! तो बराच वेळ काही बोलला नाही. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘तोच फोन परत आला असं वाटतं.’ मॅडम म्हणाल्या, ‘हे मला नको, तिच्याकडे बघून सांगा.’ इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी बाकी काही झालं नाही, होणं शक्यही नव्हतं.

दुसरी कामाची गोष्ट मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्याकडची. अमेरिकेत सिएटलला त्यांनी जोडप्यांना भांडताना प्रयोगशाळेत तपासलं. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस ऐकण्याच्या स्थितीतच राहत नाही, तेव्हा किमान २० मिनिटं थांबायचं. नवऱ्याच्या मनगटावर स्मार्टवॉच असतंच. एका रविवारी मी तावातावाने बोलत असताना त्याने घड्याळ पुढे केलं: १०८. दिसायला हा माणूस थंड दगड! आमच्या घरात आता नियम आहे, उठून जाणाऱ्याने किती वाजता परत येणार ते सांगून जायचं. माझ्या दृष्टीने आख्ख्या फीचे पैसे या एका नियमात वसूल झाले.

मी मधे काही सेशन एकटीने घेतली. त्यात आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) वापरली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ची पद्धत. महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजली आहे, त्यामुळे फार लिहीत नाही. कागदावर घटना, त्याबद्दलचा आपला समज आणि परिणाम असे रकाने भरायचे. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी आहे.

आता तक्रारी. प्रश्नावल्या सगळ्या इंग्रजीत. आम्हाला चालतं, पण माझ्या नणंदेसारखीने काय करायचं? मॅडम तोंडी मराठीत समजावतात, त्यात सेशनची दहा मिनिटं जातात. संध्याकाळचा स्लॉट मिळणं म्हणजे तत्काळ तिकीट. आदल्या दिवसापर्यंत कळवलं नाही तर पूर्ण फी लागते, मूल तापाने फणफणलेलं असलं तरी. पहिला दीड-दोन महिना काहीच घडत नाहीये असं वाटत होतं, भांडणं उलट वाढली. त्या काळात सोडून द्यायचा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला होता आणि मॅडमनी याची आधी कल्पना द्यायला हवी होती. ऑनलाइन सेशन तर घेऊच नका. सासूबाई शेजारच्या खोलीत, आम्ही पार्किंगमधल्या गाडीत, मोबाइल डॅशबोर्डवर. एकमेकांकडे बघा म्हटलं की दोघंही कॅमेऱ्याकडे बघतोय.

फी ५० मिनिटांचे २,००० रुपये. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही. आमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. एवढं परवडत नसेल तर निदान एकट्याने बोलायला सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

सासूबाईंनी कायमचं पुण्यात राहायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. मॅडमनीही ते ठरवून दिलं नाही, कितीदा विचारलं तरी. मला वाटलं होतं निदान शेवटच्या सेशनला सांगतील. त्या दिवशी त्यांनी डायरी उघडून दिवाळीनंतरच्या फॉलोअपची तारीख दिली, सकाळी अकराची. संध्याकाळचं वेटिंग मी लावून ठेवलंय.